लोहकेतूला माफी नाही

धुळे
८ मार्च १९८७

चि. चुडामण,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद रिवाजाचे आहेत, मनातलं खाली लिहिते.

काल 'गिरणातीर'चा अंक आला. तुझ्या 'नक्षत्रांचा धनी'चा एकतिसावा भाग वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. लोहकेतूच्या डोळ्यांत पाणी? लोखंडी मुखवट्याच्या आतलं पाणी बाहेरच्या पहारेकऱ्याला दिसलं कसं, हे मी जळगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला विचारत नाही. विचारून उपयोग नाही. पण हा तोच लोहकेतू ना, ज्याने नीलांबा ग्रह ऐन सणाच्या दिवशी जाळला? माणसं पाटावर बसली होती तेव्हा? तूच लिहिलंस ते, सातव्या भागात. मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात बोलले नव्हते.

आणि आता त्याला बालपण आठवतंय, आईची अंगाई आठवतेय. मला तुझं लक्षण कळतं, भाऊ आहेस माझा. तू याला सुधारायला निघाला आहेस. शेवटच्या भागात युवराजाला वाचवायला हा स्वतःला ताऱ्याच्या भट्टीत झोकून देणार, मुखवटा काढणार, 'मला क्षमा करा' म्हणणार आणि मरणार. बरोबर की नाही?

असं करू नकोस. माझ्या शाळेतल्या सगळ्या बाया ही मालिका वाचतात. त्यांना मी अभिमानाने सांगते की लेखक माझा धाकटा भाऊ आहे. मला तोंड लपवायला लावू नकोस.

हे बरे आहेत. कॉलेजच्या परीक्षांचे पेपर काढताहेत, त्यामुळे घरात शांतता आहे.

तुझी
अक्का


जळगाव
१६ मार्च १९८७

ती. द्रौपदाअक्कास साष्टांग नमस्कार.

तुला शेवट आधीच कळला, म्हणजे आमच्या संपादकांचं, रुपचंदजींचं, आता कठीण आहे. त्यांनी पुढल्या अंकात 'लोहकेतूचे काय होणार?' अशी चौकट टाकायचं ठरवलंय.

अक्का, तू एवढी का चिडतेस? कागदावरचा खलनायक आहे. मी त्याची चाल आमच्या हेडमास्तरांवरून घेतली, आवाज बसस्टँडच्या भोंग्यावरून. मुखवटा कुठून आला ते मलाच माहीत नाही. पण वर्षभर त्याच्याबरोबर राहिलो की त्याच्याविषयी काहीतरी वाटायला लागतं. रोज नुसता दुष्टपणा करणारा माणूस मला तरी कुठे भेटलेला नाही. माणूस थकतो. सत्तरी ओलांडली की रात्री झोप येत नाही, गुडघे दुखतात, आणि पूर्वी जे केलं ते आठवतं. बोलायचं असतं पण सवय नसते. अशा माणसाला एक संधी द्यायला काय हरकत आहे?

वाचकांची पत्रंही येताहेत. पाचोऱ्याच्या एका शिंप्याने लिहिलंय, लोहकेतूला मारू नका, आमच्या दुकानात त्याच्यावरून पैजा लागल्या आहेत.

दाजींना नमस्कार.

तुझा
चुडामण


धुळे
२१ मार्च १९८७

चि. चुडामण,

लोहकेतू सत्तरीचा कधी झाला? चौथ्या भागात तो पंचेचाळीस वर्षांचा होता, उड्या मारून यानात चढत होता. त्याचे गुडघे कधीपासून दुखायला लागले?

गुडघे आबांचे दुखतात.

म्हणजे तू माझ्याशी लोहकेतूविषयी बोलतच नव्हतास. सरळ लिही ना की आपले वडील थकलेत, एकदा गावी येऊन जा. आठ वर्षांत तू हे चार वेळा सांगितलंस, चारही वेळा मी नाही म्हटलं, म्हणून आता आकाशातून वळसा घालून आलास. एवढं इंधन जाळून! मला राग तुझ्या सांगण्याचा नाही, या आडवळणाचा आहे.

विषय काढलाच आहेस तर ऐक. मरताना क्षमा मागणं ही सगळ्यांत स्वस्त गोष्ट आहे. मरणाऱ्याला कोण नाही म्हणणार? आणि एकदा मेला की मेल्या म्हशीला मणभर दूध. नीलांबाची माणसं जळून गेली ती गेलीच, आणि बाकीचे यानातून याच्या चितेवर फुलं टाकणार. तुला त्याला खरंच सुधारायचं असेल तर जिवंत ठेव. मुखवटा काढून पाठव त्याला नीलांबावर. जे वाचले त्यांच्या दारात उभा कर. ते दार लावून घेतील, तर दुसऱ्या दिवशी परत जाऊ दे. हे लिहून दाखव, मग मी मानीन. पण ते तुला जमायचं नाही, कारण त्यात स्फोट नाहीत.

आबांची आठवण मला येत नाही असं समजू नकोस. येते. म्हणूनच मला कोणी घाईने समजूत घातलेली चालत नाही.

अक्का


जळगाव
१९ एप्रिल १९८७

ती. अक्कास सा. न.

महिनाभर लिहिलं नाही. भाग छत्तिसावा आणि सदतिसावा तू वाचलेच असतील. लोहकेतू जिवंत ठेवला आहे, तुझ्या धाकाने. रुपचंदजी नाराज आहेत.

आता जे लिहितो ते वाचून तू हसशील की पत्र फाडशील ते माहीत नाही. मी गावी गेलो होतो. आबांना दिसत नाही धड, पण दर रविवारी पारावर निंबानाना 'गिरणातीर' मोठ्याने वाचतात आणि आबा पहिल्या ओळीत बसतात. मला हे माहीतच नव्हतं. वाचन संपल्यावर सगळे उठले, आबा बसूनच. मला म्हणाले, "चुडामण, माले फसाडतस का? घर सोडं, तोंड झाकं, निरोपले उत्तर नही. हाऊ लोहकेतू म्हणजे आपली द्रौपदा शे."

मी म्हटलं, आबा, तो हेडमास्तर आहे. ऐकेनात. म्हणाले, "तिले सुधार. तिले घर येवाले लाव. बाकी बठ्ठं ऱ्हाऊ दे."

म्हणजे तुला वाटतं लोहकेतू आबा आहेत, आबांना वाटतं लोहकेतू तू आहेस, आणि हा मास्तर मधल्या मधे कागद काळे करतोय. मला आता दोघांचाही कंटाळा आला आहे. या श्रावणात आपल्या घरी कानबाई देवी बसतील तेव्हा तू ये. दाजींनाही घेऊन ये. एका पंगतीचं भांडण ते काय, किती वर्षं ताणायचं?

चुडामण


धुळे
२४ एप्रिल १९८७

चुडामण,

'एका पंगतीचं भांडण ते काय?' तू तेव्हा नाशिकला होतास, बी.एड. करत होतास. तुला सगळ्यांनी वेगवेगळं सांगितलं, मी कधीच सांगितलं नाही. आज सांगते, म्हणजे पुन्हा हे वाक्य लिहिणार नाहीस.

लग्नाला आबा आले नव्हते. दोन वर्षं बोलले नाहीत. मग १९७९च्या श्रावणात त्यांचाच निरोप आला, कानबाईला जावयाला घेऊन ये. मला आभाळ ठेंगणं झालं. यांनी नवा सदरा शिवला. दीपनगरच्या वसाहतीत वाढलेला माणूस, यांच्या घरी बुद्धवंदना, कानबाईचे रिवाज यांना कुठून माहीत असणार? मला रस्ताभर विचारत होते, कुठे बसायचं, काय बोलायचं. मी सगळं सांगितलं. प्रसादाच्या रोटाचं सांगायचं सुचलं नाही, कारण आपल्या घरात ते कोणी एवढं पाळतच नव्हतं.

पंगत बसली. भाऊबंद सगळे होते. भिकुबाई काकूंनी मायेने यांच्या पानात रोटाचा तुकडा वाढला. यांनी हातात घेतला. आबा पंगतीच्या त्या टोकाहून उठून आले आणि यांच्या हातातून तो काढून घेतला. म्हणाले, कानबाईचा नेम आहे, परकुळाच्या माणसाला रोट चालत नाही. सगळ्या पंगतीत एकाने मान वर केली नाही.

नेम आहे. खोटं नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी काकूंच्या चाळीसगावच्या जावयांनी त्यांच्या हातून रोट घेऊन खाल्ला, तेव्हा हेच आबा हसले होते, हे काकूंनीच मला सांगितलं होतं. म्हणाले होते, जावई काय आणि लेक काय. ते जावई आपल्या जातीचे होते. तेव्हा नेम झोपला होता.

म्हणून मला तुझ्या लोहकेतूचा राग येतो. तू त्याला मोठमोठ्याने हसायला लावतोस, 'मी विनाश करीन' म्हणायला लावतोस. असं कोणी बोलत नाही. जो खरं वाईट करतो तो म्हणतो, माझा नाइलाज आहे, नेम आहे.

आता मी लोहकेतू आहे म्हणे! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय.

अक्का


धुळे
९ जून १९८७

चुडामण,

त्रेचाळिसावा भाग वाचला. तुला लाज कशी वाटली नाही?

मी तुला पत्रात लिहिलं ते तुला कळावं म्हणून. पाच हजार लोकांना कळावं म्हणून नाही. नीलांबा जाळण्याआधीच्या एका उत्सवात लोहकेतू येतो, दूर ग्रहाहून आलेल्या दूताच्या हातातली प्रसादाची भाकर काढून घेतो, 'साम्राज्याचा नेम आहे' म्हणतो, आणि वाचकाला मागाहून कळतं की तोच नेम आदल्या वर्षी दुसऱ्या दूताला लावला नव्हता. नावं तेवढी बदललीस. मला विचारावंसंही वाटलं नाही? तुमच्या त्या चौकटीसाठी माझं घर उघडं टाकलंस?

मी अंक लपवून ठेवला होता. पण कॉलेजच्या स्टाफरूममध्ये येतोच तो. हे संध्याकाळी घरी आले, अंक टेबलावर ठेवला, हातपाय धुतले, चहा घेतला. मला वाटलं काही बोलणार नाहीत. आठ वर्षांत कधी बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहिलं बरोबर आहे त्याने. पण त्या दूताला पुढे एक वाक्यसुद्धा दिलं नाही. सगळे विचारताहेत लोहकेतूचं काय होणार. त्या दूताचं काय झालं ते कोणी विचारत नाही."

आणि पेपर तपासायला बसले.

मी इतकी वर्षं यांच्या वतीने रागावले, चुडामण. यांना कधी विचारलं नाही की तुम्हाला किती राग आहे. तुझ्यावर मी अजूनही चिडलेलीच आहे. पण झोप उडवली आहे ती त्या वाक्याने.

अक्का


जळगाव
२८ जून १९८७

ती. अक्कास सा. न.

चुकलो. विचारायला हवं होतं. तुझं पत्र वाचल्यावर मला इतका संताप आला की हातून ते उतरलंच. ही सबब नाही.

दाजींचं वाक्य मी चार वेळा वाचलं. दूताला नाव द्यायचंही मला सुचलं नव्हतं.

गावचं सांगतो. त्रेचाळिसावा भाग निंबानाना वाचत होते. आदल्या वर्षीच्या दूताला तोच नेम लावला नव्हता इथवर आले तेव्हा आबा म्हणाले, "थांब." नाना थांबले. आबांनी सांगितलं, त्या आदल्या वर्षीच्या दूताचं परत वाच. नानांनी परत वाचलं. आबा काठी घेऊन उठले आणि घरी गेले. पुढल्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढल्याही नाही. मी गेलो तर माझ्याशी बोलेनात. मी म्हटलं, आबा, रागावलात? म्हणाले, "तू गप ऱ्हाय. तुनं काम व्हई ग्ये."

काल निंबानाना जळगावला बाजाराला आले आणि हे बंद पाकीट देऊन गेले. आबांनी सांगितलं, नानांनी लिहिलं. वर दाजींचं नाव आहे, तुझं नाही. मी उघडलेलं नाही. एकदा तरी मला शहाणपण सुचलं याची नोंद घे.

चुडामण


(सोबतचे पत्र)

आधारराव जावईले मना नमस्कार.

मी सांगस, निंबा लिखस. निंबा म्हणस शुद्ध लिखू. मी म्हणस नही, मी बोलस तसंच लिख.

त्या दिन मी तुमना हातमाईन रोट काढी लिधा. भाऊबंदीना समोर म्हणनू, कानबाईना नेम शे. नेम शे, पन एक साल पहिले चाळीसगावना जावईनी रोट खादा तवय मी हासनू व्हतू. मी नेमना आड दडनू. कानबाई काही बोलनी नही, मीच बोलनू. तुमनी जात माले खुपे, म्हणीसन बोलनू. द्रौपदाले हाई तवयच समजनं. माले समजीसन मी समजनू नही असं दखाडं.

आठ साल मी म्हणत ऱ्हायनू, पोरनी घर सोडं. पोरनी नही, मीच सोडाले लावं.

माफ करा म्हणाले तोंड नही. तुमी बलावं तर येसू. नही बलावं तरी मना राग नही.

तुमना सासरा
उखर्डू


धुळे
५ जुलै १९८७

ती. आबांस नमस्कार.

पत्र मिळालं. द्रौपदा वाचून दाखवते म्हणाली. मी म्हटलं, पत्र माझ्या नावाचं आहे, मीच वाचतो.

त्या दिवशी मी काही बोललो नाही, त्यावरून सगळ्यांनी मला भला माणूस ठरवलं. मी भला वगैरे नव्हतो. मला इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर काय बोललो असतो मला सांगता येत नाही. शिवाय द्रौपदा शेजारी रडत होती. तो राग कमी झाला आहे, संपलेला नाही. रोट मला नकोच होता हो. तो वाढला म्हणून मी मान ठेवून घेतला होता.

तुम्ही नेमावर ढकललं नाहीत, जातीचं नाव घेऊन लिहिलंत, म्हणून हे उत्तर लिहितो आहे. या. रविवारी मला सुट्टी असते. जेवायला आमच्या घरी आमचं साधं जेवण असेल. माफीचं मात्र विचारू नका. ते माझं मला अजून ठरवायचं आहे, आणि कोणी घाई केलेली मला चालणार नाही.

आधार बिऱ्हाडे


धुळे
१८ जुलै १९८७

चि. चुडामण,

अनेक आशीर्वाद, आणि या वेळेचे रिवाजाचे नाहीत.

गेल्या रविवारी आबा आले. एकटे, एसटीने, त्या गुडघ्यांनी. मी म्हटलं, चुडामणला बरोबर का नाही आणलं? म्हणाले, "त्यानं काय काम? तो लिखी टाकी." तुझी कीर्ती गावात ही आहे.

तुला वाटत असेल रडारड झाली असेल, गळ्यात गळे पडले असतील. काही नाही. मी रडले, पण स्वयंपाकघरात. बाहेर दोन पुरुष समोरासमोर बसलेले, आणि अर्धा तास पाऊसपाणी आणि कपाशी. माझा जीव नुसता वर-खाली. एकदा वाटलं बाहेर जाऊन दोघांना हलवावं. तिसरा पेला पाणी नेऊन दिला तेव्हा हे माझ्यावरच खेकसले, "अगं, किती पाणी पिऊ?"

जेवताना आबा म्हणाले, "मना पत्रमा जे व्हतं ते मी तोंडवर बी सांगाले उनू." आणि सांगितलं. पहिल्यापासून, चाळीसगावच्या जावयासकट, जातीसकट. एकदाही कानबाईचं नाव आड घेतलं नाही. हे घास हातात धरून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "ऐकलं." एवढंच. पुढचं वाक्य येईल म्हणून मी दारात उभी. आलं नाही. आबाही थांबले, मग खाली मान घालून जेवायला लागले. मला दोघांचाही असा राग आला म्हणून सांगू! आणि तरी मला माहीत होतं की यांनी पुढचं वाक्य घाईने बोललं असतं तर ते खोटं झालं असतं.

मग लोहकेतूवरून वाद झाला, हे तुला सांगायलाच हवं. आबा म्हणाले, चुडामणला सांगा, त्याला मारू नको. हे म्हणाले, मारायचं नाही हे ठीक, पण सिंहासनाशेजारी बसवू नये. आबा म्हणाले, कोठे बसाडानं मग? हे म्हणाले, त्याला बसवूच नये, त्या दूताला आधी बसवावं. आबांनी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं. मग म्हणाले, "हाई बराबर शे." आठ वर्षांत या दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट, आणि ती तुझ्या त्या भंकस मालिकेवरून.

तेव्हा शेवट तुझा तू लिही, मी आता त्यात पडणार नाही. फक्त 'आणि सर्वांनी त्याला क्षमा केली' हे वाक्य दिसलं तर मी 'गिरणातीर' बंद करीन. आणि यातलं एक अक्षर छापलंस तर जळगावला येऊन तुझ्या वर्गात तुझा कान धरीन.

निघताना आबांनी दारात वहाणा घातल्या आणि यांच्याकडे न बघता विचारलं, "आठ दिनमा परत येऊ का?" हे म्हणाले, "तुमची गाडी दहाला पोहोचते. मी स्टँडवर येतो."

याला माफ करणं म्हणतात का, ते मला कळत नाही, आणि यांना विचारायची माझी हिंमत नाही. पण आज शनिवार आहे, आणि हे सकाळपासून दुसऱ्यांदा मला विचारून गेले, की आबांना तिखट कितपत चालतं.

तुझी
अक्का